रोपांची वाढ आणि न्याय्य तुलना

दोन कुंड्या शेजारी ठेवून उंच रोपाकडे बोट दाखवणे म्हणजे प्रयोग नव्हे. एकाच बियाण्याची, एकाच खतावरची दोन रोपेही सारखी वाढत नाहीत. आमच्या कोयनानगर परिसरातील उतारांवर तर माती आणि ओल पावलागणिक बदलते. मग दिसलेला फरक खताचा की योगायोगाचा?

या प्रश्नाची शास्त्रीय उकल रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधील रोदॅमस्टेड कृषिसंशोधन केंद्रात केली. तेथे ते १९१९ साली रुजू झाले होते. भारतीय कृषिसंशोधकांसाठी ही पद्धत वि. गो. पानसे व पां. वा. सुखात्मे यांनी १९५४ च्या ग्रंथात मांडली. सुखात्मे यांचा जन्म आपल्याच सातारा जिल्ह्यातील बुध गावचा.

ही पद्धत म्हणजे प्रचरण-विश्लेषण. समजा, नाचणीच्या वीस कुंड्या चिठ्ठ्या टाकून पाच-पाचच्या चार गटांत वाटल्या : खताविना, शेणखत, गांडूळखत आणि युरिया. सरासरी उंची अनुक्रमे २०, २५, २७ व २८ सेंटिमीटर भरली. एकूण सरासरी २५. तिच्यापासूनच्या अंतरांचे वर्ग मिळवून पाचाने गुणले की १९० येतात. गटसंख्येहून एक कमी, म्हणजे तीनाने भागता ६३.३. गटांच्या आत रोपारोपांत असलेल्या फरकाचे माप ५ आले असे मानू. गुणोत्तर १२.७, कोष्टकातील मर्यादा ३.२४. म्हणजेच चारही गट सारखे नाहीत.

पण वेगळेपण नेमके कोठे आहे? त्यासाठी तीन तुलना प्रयोगाआधीच ठरवाव्यात : खताविना विरुद्ध तिन्ही खते, युरिया विरुद्ध दोन्ही सेंद्रिय खते, शेणखत विरुद्ध गांडूळखत. त्या १९० ची वाटणी या तुलनांत १६६.७, १३.३ आणि १० अशी होते. ५ ने भागता ३३.३, २.७ आणि २. येथील मर्यादा ४.४९, ती केवळ पहिली तुलना ओलांडते. खताचा लाभ सिद्ध झाला, युरियाची सरशी झाली नाही. अर्थात, फरक सिद्ध न होणे म्हणजे फरक नसणे नव्हे. अधिक कुंड्यांनी पुन्हा पाहावे.

तुलना आधी का ठरवायच्या? आकडे पाहून सर्वांत उंच व सर्वांत ठेंगणा गट निवडला, तर योगायोगच पुरावा म्हणून मिरवतो. चार गुंठ्यांच्या धन्याला अशा पुराव्यावर गोणी विकत घ्यायला लावणे हा अन्यायच. आमच्या विद्यार्थ्यांनी कोणताही दावा ऐकताच विचारावे : तुलना कशाशी, किती रोपांवर आणि कधी ठरवलेली?