इमेजजे : फोटोवरून मोजमाप करणारं फुकट सॉफ्टवेअर

बायोमेडिकल इंजिनिअर म्हटलं की आपल्याला ईसीजी किंवा एमआरआय मशीन आठवतं. पण या क्षेत्रातली बरीच मंडळी पेशंटसाठी नाही, तर संशोधकांसाठी उपकरणं आणि सॉफ्टवेअर बनवतात. त्यातल्याच एका सॉफ्टवेअरबद्दल आज सांगतो, कारण ते वापरताना मी स्वतः तोंडावर आपटलोय. नाव आहे इमेजजे.

ते लिहिलं वेन रासबँड यांनी. अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत ते काम करायचे. फोटोत पेशी किती, डाग केवढा, हे मोजायला त्यांनी आधी पीडीपी-११ या मिनिकॉम्प्युटरसाठी प्रोग्रॅम लिहिला (नाव मिनी, आकार कपाटाएवढा!). मग १९८७ मध्ये मॅकिंटॉशसाठी ‘एनआयएच इमेज’. १९९७ मध्ये सगळं पुन्हा जावामध्ये, म्हणजे विंडोज, मॅक, लिनक्स कुठेही चालेल असं. ‘इमेजजे’मधला जे तो हाच. कोड सगळ्यांना खुला, हवं ते प्लगइन जोडा. २०१० मध्ये रिटायर झाल्यावरही ते त्यात कोड लिहीत राहिले. एकच गरज, तीन वेगळी मशीन्स. दरवर्षी नव्या फ्रेमवर्कमागे धावणाऱ्या आमच्यासारख्यांना हे जरा लागतंच.

आता हे चालतं कसं? कॉम्प्युटरसाठी ब्लॅक अँड व्हाइट फोटो म्हणजे आकड्यांचा तक्ता. ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. तुम्ही एक हद्द ठरवता, त्याला थ्रेशोल्ड म्हणतात. त्या हद्दीवरचे पिक्सेल एकीकडे, खालचे दुसरीकडे. मग एकमेकांना चिकटलेल्या पिक्सेलचा एकेक पुंजका मोजायचा. पण हे सगळं पिक्सेलमध्ये. मिलिमीटर हवे असतील तर ‘सेट स्केल’मध्ये किती पिक्सेल म्हणजे एक मिमी, हे आपणच सांगावं लागतं.

माझी चूक इथेच झाली. माझी ताई मायक्रोबायोलॉजीत एमएससी करत होती. जंतू पसरलेल्या प्लेटवर अँटिबायोटिकची कागदी चकती ठेवतात आणि मग जंतू वाढू देतात. तिच्याभोवती जंतू न वाढल्यामुळे जे रिकामं वर्तुळ राहतं, त्याचा व्यास मोजायचा. वर्तुळ लहान, म्हणजे जंतू औषधाला दाद देत नाहीत. मी पहिल्या फोटोवर स्केल लावलं आणि ‘ग्लोबल’वर टिक केली, म्हणजे तेच स्केल सगळ्या फोटोंना. पण अर्धे फोटो केबलने घेतले होते आणि अर्धे व्हॉट्सॲपवर आले होते. ४००० पिक्सेल रुंदीचा फोटो तिकडून १६०० चा होऊन आला होता. त्यामुळे २० मिमीचं वर्तुळ ८ मिमीचं दिसायला लागलं. चांगलं चालणारं औषध कागदावर निकामी!

ताईनेच पकडलं. “अरे, चकती ६ मिमीची असते. तुझ्याकडे अडीचची पण भरत नाहीये!” रिपोर्ट दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. रात्री बसून सगळं परत मोजलं.

तुम्हाला करून बघायचं असेल तर लॅपटॉप लागेल. काळ्या कागदावर तांदळाचे दाणे पसरा, शेजारी पट्टी ठेवा, बरोबर वरून फोटो काढा. आधी पट्टीवरून स्केल लावा, मग दाणे मोजा. दाणे एकमेकांना चिकटले तर दोनाचा एकच मोजला जाईल. तेव्हा ‘वॉटरशेड’ वापरा, ते मधोमध रेघ मारून त्यांना वेगळं करतं. आणि फोटो लॅपटॉपवर केबलनेच घ्या.