रात्री अकरानंतरची खरेदी

आयकर विवरणपत्रं भरण्याच्या दिवसांत डोंबिवलीतल्या माझ्या कार्यालयात नोकरदारांची बँक स्टेटमेंट येतात. पगार, घराचा हप्ता, शाळेची फी, आणि मधेमधे लहान लहान रकमा: जेवण मागवलेलं, कुर्ते, हेडफोन, पुन्हा जेवण. त्यांच्या मोबाइलवरच्या बँकेच्या संदेशांतली वेळ पाहिली तर त्यातल्या बऱ्याच रात्री अकरानंतरच्या असतात. कामाचा ताण वाढतो त्या मार्चअखेरीला अशा खरेदीची संख्या वाढलेली दिसते.

या माणसांना उधळे म्हणणं मला पटत नाही. आयटीतल्या एक बाई म्हणाल्या, "काका, दिवसभर मी काय करायचं ते दुसरेच ठरवतात. रात्री फोन हातात घेतला की निदान तेवढं तरी मी ठरवते." संशोधकांनाही हेच दिसलं आहे. स्कॉट रिक आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये मांडलं की खरेदीत स्वतः निवड केली की मनात रेंगाळणारं दुःख हलकं होतं, कारण परिस्थिती आपल्या हातात असल्यासारखं वाटतं. म्हणजे आराम खरोखरच मिळतो, म्हणून तर माणूस पुन्हा तिकडे वळतो. त्याआधी 2008 मधल्या एका प्रयोगात दुःखद चित्रफीत पाहिलेल्यांनी पाण्याच्या बाटलीसाठी इतरांपेक्षा बरीच जास्त किंमत देऊ केली. चित्रफितीमुळे असं झालं, हे मात्र त्यांना मान्य नव्हतं.

त्यात पैसे हातातून जाताना दिसत नाहीत. अमेरिकेतल्या एमआयटीत प्रेलेक आणि सिमेस्टर यांनी सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावून घेतली, तेव्हा कार्डाने पैसे भरणाऱ्यांची बोली रोखवाल्यांच्या दुपटीपर्यंत गेली. हा अभ्यास 2001 मधला, यूपीआयच्या कितीतरी आधीचा.

खरी धास्ती मला वाटते ती कार्डाच्या बिलावरच्या 'किमान देय रक्कम' या ओळीची. समजा 60,000 रुपये थकले आहेत, व्याज महिना साडेतीन टक्के आणि किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे 3,000. त्यातले 2,100 व्याजात जातात, त्या व्याजावरच्या 18 टक्के जीएसटीत 378. मुद्दल फिटतं फक्त 522 रुपये. शिवाय बाकी उरलेली असताना केलेल्या नव्या खरेदीवरही साधारणपणे पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. वर्षाला 42 टक्के! व्याजाला 30 टक्क्यांची मर्यादा घालणारा ग्राहक आयोगाचा 2008 चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला, त्यामुळे तोही आधार उरलेला नाही.

मी लोकांना सांगतो, मनाला दटावू नका, वाट अवघड करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरचे ऑनलाइन व्यवहार आपल्याला बंद करता येतात, त्यांची मर्यादाही ठरवता येते. बँकेच्या ॲपमध्येच ही सोय असते. ॲपमध्ये जतन केलेलं कार्ड काढून टाका. रात्री निवडलेली वस्तू सकाळी चहा घेताना पुन्हा पाहा. जुनी थकबाकी असेल तर कमी व्याजाचं वैयक्तिक कर्ज काढून ती एकदाची मिटवा, पण त्यानंतर कार्ड बाजूला ठेवा.

थकबाकी महिनोन्‌महिने पुढे सरकत असेल, तर ते बिल आज घरातल्या एका माणसाला दाखवा. झोप उडाली असेल, कामावर जायचं नुसतं म्हटलं तरी छाती दडपत असेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेला 14416 वर फोन करा. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं.