नवतारा आणि त्याचे पूर्वरूप

जून १९१८ मध्ये गरुड तारकासमूहात एक अपरिचित तेजस्वी तारा झळकला. बंगालमधील जेसोर येथील सरकारी कोषागारात नोकरी करणारे राधागोविंद चंद्र यांनी तो पाहिला. प्रवेश परीक्षेतही अनुत्तीर्ण झालेल्या या गृहस्थांजवळ तीन इंची दुर्बीण होती. मात्र कोणता तारा नेहमीचा व कोणता परका, हे त्यांना कोणास विचारावे लागत नसे. पुढे ते रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या अमेरिकन संघटनेचे सभासद झाले. संघटनेने १९२६ मध्ये त्यांना सहा इंची दुर्बीण पाठविली. त्यांनी नोंदविलेली निरीक्षणे ३७,००० हून अधिक भरतात. कचेरीचे काम सांभाळून ही नोंदवही लिहिली गेली, हे विशेष होय.

अशा ताऱ्यास 'नवतारा' म्हणतात. हे नाव काहीसे फसवे आहे. तेथे नवा तारा जन्मास येत नाही, तर एका जुन्या, मंद जोडताऱ्याचे तेज एकाएकी वाढते. या जोडीतील एक तारा श्वेत बटू, म्हणजे अतिशय घन असा तारा असतो. जोडीदाराकडील हायड्रोजन वायू त्याच्या पृष्ठभागावर साचत जातो. दाब व तापमान पुरेसे वाढले की त्या थरात अणुकेंद्रांच्या संमीलनाचा भडका उडतो आणि वायूचे कवच बाहेर फेकले जाते. मूळ तारा मात्र शाबूत राहतो. संपूर्ण ताऱ्याचाच स्फोट होतो तो अतिदीप्त नवतारा. तो प्रकार निराळा.

साहजिकच, भडका उडण्यापूर्वी हा तारा कोणता होता, असा प्रश्न उपस्थित होतो. त्याचे उत्तर केवळ जुन्या छायाचित्रांतच मिळू शकते. गरुडातील नवतारा हार्वर्ड वेधशाळेच्या जुन्या काचांवर सुमारे अकराव्या प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांस न दिसणारा तारा म्हणून सापडला. ९ जून १९१८ रोजी तोच तारा व्याध-अगस्त्यांच्या पंक्तीस जाऊन बसला होता.

जपानचे हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांना १४ ऑगस्ट २०१३ रोजी धनिष्ठा तारकासमूहात सुमारे ६.८ प्रतीचा नवा प्रकाशबिंदू आढळला. आदल्या दिवशीच्या छायाचित्रात ती जागा रिकामी होती. तरीही असा बिंदू प्रथम 'संभाव्य नवतारा' म्हणूनच नोंदविला जातो. तो एखादा लघुग्रह किंवा आधीच ठाऊक असलेला रूपविकारी तारा नाही ना, हे पडताळावे लागते. वर्णपटात हायड्रोजनच्या तेजस्वी रेषा दिसल्या की शंका फिटते. त्यानंतर अचूक स्थान मोजून जुन्या ताराचित्रांशी जुळविले असता तेथे सुमारे सतराव्या प्रतीचा एक निळसर तारा आढळला. दोन दिवसांत नवतारा ४.३ प्रतीपर्यंत पोहोचला; म्हणजे त्याचे तेज लाखपटीहून अधिक वाढले होते. आकाशगंगेच्या दाट पट्ट्यात स्थानमापनातील थोडीशी चूकही शेजारच्याच ताऱ्यावर बोट ठेवावयास लावते. म्हणून या कामी घाई उपयोगाची नाही.

उत्तर मुकुट समूहातील एका ताऱ्याबाबत गोष्ट उलट आहे. १८६६ व १९४६ साली तो भडकल्याने त्याचे पूर्वरूप आधीच ज्ञात आहे. एरवी तो दहाव्या प्रतीचा असतो, भडकल्यावर दुसऱ्या प्रतीपर्यंत चढतो. ८० वर्षांचे हे अंतर ध्यानी घेऊन जगभरचे हौशी निरीक्षक त्याच्यावर नजर ठेवीत आले आहेत. उन्हाळ्यात सायंकाळी स्वातीच्या पूर्वेस दिसणारी ताऱ्यांची अर्धवर्तुळाकार ओळ म्हणजे उत्तर मुकुट. ती शाळेच्या अंगणातूनही विद्यार्थ्यांना दाखविता येते.