स्ट्रिंगला २६ मितीच का लागतात?

पीएचडीच्या एका प्रवेशमुलाखतीत मला विचारलं, "आवडीचा विषय फळ्यावर मांडा." मी बोसॉनिक स्ट्रिंग निवडली. भराभर समीकरणं लिहिली, शेवटी "पहिल्या उत्तेजित पातळीचं वस्तुमान शून्य, म्हणून मिती २६" असं लिहून खडू खाली ठेवला. समितीतल्या एका सरांनी शांतपणे विचारलं, "वस्तुमान शून्यच असलं पाहिजे, हे तुम्ही कुठून आणलंत?"

मी गप्प बसले. पुस्तकात तसं होतं, एवढंच मला माहीत होतं. त्या वर्षी तिथे माझी निवड झाली नाही, आणि ते योग्यच होतं. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर. नेट, गेट, जेस्ट झाल्यावर मुलाखतीची तयारी करणाऱ्यांना ते उपयोगी पडेल असं वाटतं.

आधी क्लासिकल बाजू

मुक्त कण अवकाश-काळात एक रेषा आखत जातो आणि त्याची अ‍ॅक्शन त्या रेषेच्या लांबीच्या प्रमाणात असते. स्ट्रिंगला स्वतःलाच लांबी आहे, त्यामुळे ती पुढे सरकताना रेषेऐवजी पृष्ठभाग आखते. याला वर्ल्डशीट म्हणतात. मग स्ट्रिंगची अ‍ॅक्शन कशाच्या प्रमाणात असेल? पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाच्या. १९७०-७१ च्या सुमारास नांबू आणि गोतो यांनी मांडलेली अ‍ॅक्शन ती हीच. मधला गुणक म्हणजे स्ट्रिंगचा ताण. 'अल्फा-प्राइम' हा स्थिरांक या ताणाच्या व्यस्त प्रमाणात असतो.

इथे तंबोऱ्याची तार डोळ्यांसमोर आणली तर थोडी फसगत होते. तारेचा ताण खुंटी पिळून बदलता येतो, आणि तार तिच्या लांबीच्या दिशेनेही थरथरू शकते. आपल्या स्ट्रिंगचा ताण मात्र ठरलेला असतो. ती कितीही लांबली तरी तो बदलत नाही. शिवाय तिच्या लांबीच्या दिशेतल्या हालचालीला काही अर्थच नाही, कारण स्ट्रिंगवर "हा बिंदू, तो बिंदू" अशा खुणा नसतात. खरी हालचाल फक्त आडव्या दिशांना, म्हणजे स्ट्रिंगला लंब. ही गोष्ट लक्षात ठेवा, सगळा खेळ पुढे हिच्यावरच आहे.

क्षेत्रफळाच्या सूत्रात वर्गमूळ येतं आणि क्वांटम गणितात ते त्रास देतं. म्हणून वर्ल्डशीटवर एक स्वतंत्र मेट्रिक घेऊन तीच अ‍ॅक्शन दुसऱ्या रूपात लिहितात. १९८१ मध्ये पोल्याकोव्ह यांनी क्वांटमीकरणासाठी ती वापरली, म्हणून तिला त्यांचं नाव मिळालं. क्लासिकल पातळीवर दोन्ही रूपं एकच आहेत. वर्ल्डशीटवरचे दोन निर्देशांक मनासारखे बदलता येतात आणि मेट्रिकची मोजपट्टी जागोजागी ताणता येते (ही वाइल सममिती). या तीन मोकळिकी वापरून मेट्रिकचे तिन्ही घटक सपाट करता येतात. मग उरतं ते आपलं बारावीपासूनचं तरंग-समीकरण!

पण इथेच बरेच जण थांबतात. मेट्रिक सपाट केलं तरी मेट्रिकचं स्वतःचं समीकरण संपत नाही. ते बंधन म्हणून शिल्लक राहतं: वर्ल्डशीटवरचा ऊर्जा-संवेग टेन्सर शून्य. यालाच विरासोरो बंधनं म्हणतात. खुल्या स्ट्रिंगची मोकळी टोकं नेहमी प्रकाशाच्या वेगाने फिरतात, हे बंधनं आणि टोकावरची अट एकत्र घेतली की निघतं.

खुली आणि बंद: फरक कुठे?

तरंग-समीकरणाचं उत्तर म्हणजे डावीकडे जाणारा तरंग अधिक उजवीकडे जाणारा तरंग. बंद स्ट्रिंगवर दोघे एकमेकांना न अडवता फिरत राहतात, म्हणून कंपनांचे दोन स्वतंत्र संच मिळतात. खुल्या स्ट्रिंगवर तरंग टोकाला आपटून परत फिरतो, त्यामुळे डावा आणि उजवा वेगळे राहत नाहीत आणि संच एकच उरतो.

खुल्या स्ट्रिंगचं एक उदाहरण हाताने सोडवाच: स्ट्रिंग सरळ काठीसारखी मध्याभोवती गरगर फिरते आहे, टोकांचा वेग प्रकाशाइतका. ऊर्जा आणि कोनीय संवेग काढले की मिळतं

कोनीय संवेग = अल्फा-प्राइम × (वस्तुमान)²

स्ट्रिंगचा जन्म या सरळ रेषेतूनच झाला. हॅड्रॉन कणांचे स्पिन त्यांच्या वस्तुमानाच्या वर्गासमोर मांडले तर ते जवळपास सरळ रेषांवर बसतात, आणि त्या रेषांचा चढ सुमारे ०.९ प्रति जीईव्ही-वर्ग इतका आहे.

आपली क्लासिकल रेषा मात्र शून्यातून जाते. स्पिन असेल तर वस्तुमान असणारच. आणि मिती किती? ४ घ्या, ११ घ्या, क्लासिकल स्ट्रिंगची कशालाच हरकत नाही.

क्वांटम: एका आकड्याची सरक

आता लाइट-कोन गेज घेऊ. मितींची संख्या 'ड' मानली तर बंधनं सोडवल्यावर फक्त ड − २ आडव्या दिशांची कंपनं उरतात. प्रत्येक कंपन म्हणजे एक हार्मोनिक ऑसिलेटर, आणि प्रत्येक ऑसिलेटरची शून्य-बिंदू ऊर्जा असतेच. सगळ्यांची मिळून ती (ड − २)/२ × (१ + २ + ३ + …) इतकी होते.

ही बेरीज अनंत आहे. "ती −१/१२ असते" असं मुलाखतीत बेधडक सांगू नका, पुढचा प्रश्न तिथेच येईल. नीट करायचं तर मोठ्या वारंवारतेच्या पदांना हळूहळू कापणारा घातांकी गुणक लावायचा. कापणीचं लहान मान 'ई' असेल तर बेरीज १/ई² − १/१२ + … अशी येते. पहिलं पद आपण कापणी कशी केली यावर अवलंबून आहे. वाइल सममिती टिकवायची तर अ‍ॅक्शनमध्ये एक पद घालून ते काढून टाकावंच लागतं. −१/१२ मात्र कापणीवर अवलंबून नाही, तो उरतो. म्हणून खुल्या स्ट्रिंगसाठी

अल्फा-प्राइम × (वस्तुमान)² = न − (ड − २)/२४

इथे 'न' म्हणजे उत्तेजनाची पातळी: ०, १, २, … क्लासिकल सूत्रात नसलेली वजाबाकी क्वांटम गणिताने आणली.

सरांच्या प्रश्नाचं उत्तर

न = १ ही पातळी बघा. तिथे पोचायचा एकच मार्ग: सर्वांत खालचं कंपन एकदा चालवा. ते ड − २ दिशांपैकी कुठल्याही दिशेने चालवता येतं, म्हणून अवस्था बरोबर ड − २. या अवस्था मिळून एक सदिश कण झाला पाहिजे.

आता विग्नर यांचं वर्गीकरण आठवा. वस्तुमान असलेला सदिश कण थांबलेला पाहता येतो. तेव्हा अवकाशाच्या सगळ्या ड − १ दिशा सारख्याच, म्हणून त्याला ड − १ ध्रुवीकरणं लागतात. वस्तुमान नसलेला कण कधीच थांबत नाही, त्याला ड − २ पुरतात. आपल्या ४ मितींत झेड बोसॉनला ३ आणि फोटॉनला २, तेच हे.

आपल्याकडे अवस्था ड − २ आहेत. वस्तुमान दिलं तर एक अवस्था कमी पडते आणि सापेक्षतावाद मोडतो. म्हणून न = १ ला वस्तुमान शून्यच हवं: १ = (ड − २)/२४, म्हणजे ड = २६.

थोडक्यात, शून्य वस्तुमान हे गृहीतक नाही. लॉरेंट्झ सममितीने ते भाग पाडलं आहे. लाइट-कोन गेजमध्ये ती सममिती वरवर दिसत नाही, त्यामुळे ती शाबूत आहे का हे तपासावं लागतं. १९७३ मध्ये गॉडर्ड, गोल्डस्टोन, रेबी आणि थॉर्न यांनी लॉरेंट्झ जनकांचे कम्युटेटर काढून दाखवलं की हिशेब फक्त २६ मितींतच जुळतो. पोल्याकोव्हच्या वाटेने गेलात तर प्रत्येक मितीकडून +१ आणि घोस्ट क्षेत्रांकडून −२६ येतात. बेरीज शून्य झाली तरच वाइल सममिती वाचते. वाट वेगळी, आकडा तोच.

आणि फिरत्या काठीची रेषा? ती आता अशी: कमाल स्पिन = अल्फा-प्राइम × (वस्तुमान)² + १. अख्खी रेषा १ ने वर सरकली, म्हणून स्पिन १ असलेला कण वस्तुमानाशिवाय शक्य झाला.

बंद स्ट्रिंगमध्ये गुरुत्वाकर्षण

बंद स्ट्रिंगमध्ये डाव्या-उजव्या संचांना एकच अट आहे, दोन्हींची पातळी सारखी हवी. दोन्हीकडे १ घेतलं तर २४ × २४ = ५७६ वस्तुमानरहित अवस्था मिळतात. त्यांचे तीन गट पडतात: सममित आणि ट्रेसविरहित २९९, प्रतिसममित २७६ आणि ट्रेसची १. पहिला गट स्पिन २ चा, म्हणजे ग्रॅव्हिटॉन. दुसरा काल्ब-रामोंड क्षेत्र, तिसरा डायलॅटॉन. हॅड्रॉनसाठी हा स्पिन २ चा कण अडगळ होता. १९७४ मध्ये शेर्क आणि श्वार्त्झ यांनी, तसंच स्वतंत्रपणे योनेया यांनी, तो गुरुत्वाकर्षणाचा कण म्हणून वाचला.

आणि जे बिघडलेलं आहे

न = ० ला (वस्तुमान)² ऋण येतं. हा टॅकिऑन. "प्रकाशापेक्षा वेगवान कण" असं उत्तर देऊ नका. त्याचा अर्थ, आपण विभवाच्या माथ्यावर उभे राहून गणित केलं, तळाशी उतरलोच नाही. खुल्या स्ट्रिंगच्या टॅकिऑनबद्दल १९९८-९९ च्या सुमारास तेव्हा अलाहाबादला असलेले अशोक सेन यांनी नेमकं हेच मांडलं: ज्या डी-ब्रेनवर स्ट्रिंगची टोकं आहेत तो ब्रेनच अस्थिर आहे, आणि माथा ते तळ यांतला ऊर्जेचा फरक त्या ब्रेनच्या ताणाइतका आहे. बंद स्ट्रिंगच्या टॅकिऑनचं चित्र इतकं स्वच्छ नाही. शिवाय या सिद्धांतात फर्मिऑन नाहीत. म्हणूनच पुढे १० मितींची सुपरस्ट्रिंग शिकावी लागते.

घरचा अभ्यास

न = २ च्या अवस्था मोजा: दुसरं कंपन एकदा, किंवा पहिलं दोनदा. २६ मितींत २४ + ३०० = ३२४ येतील. आता २५ दिशांतल्या सममित, ट्रेसविरहित टेन्सरचे घटक मोजा. तेही ३२४. मग २६ च्या जागी 'ड' ठेवून तेच पुन्हा करा. कुठल्याही मितीत आकडे जुळतील, म्हणजे या पातळीवरची मोजणी २६ बद्दल काहीच सांगत नाही. पेच मोजणीत दिसतो तो न = १ ला.

हे मी मुलाखतीआधी कागदावर केलं असतं, तर सरांचा प्रश्न मला स्वतःलाच आधी पडला असता.