डिझेल मोटार : घ्यावी कोणी, राखावी कशी



गळीत हंगाम आटोपतो, उसाची बिले खात्यावर जमा होतात आणि गावोगाव नव्या मोटारींना हार पडू लागतात. आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु अलीकडे गट ऑफिसात चार सभासद जमले की त्याच मोटारींची तक्रार कानी येते. "अहो, नवी कोरी गाडी, वर्ष झालं नाही तोवर पिवळा दिवा लागला, अन् आता ओढतच नाही." चौकशी करावी तर गाडी बहुधा डिझेलची निघते. आणि ती फिरते किती? घर ते मळा, मळा ते कारखाना, फार तर तालुक्याची बँक. या तक्रारीचे मूळ काय, ते आम्ही येथे जरा फोड करून सांगत आहोत.

डिझेल इंजिन आपल्याला परके नाही. विहिरीवर वीज येण्याआधी किर्लोस्करचे इंजिन हँडल मारून चालू करणारे हात अजून पुष्कळ घरांत आहेत. तत्त्व तेच. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण प्लगच्या ठिणगीने पेटवतात. डिझेलला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमध्ये नुसती हवा घेऊन ती तिच्या मूळ जागेच्या सोळाव्या-अठराव्या हिश्श्यात दाबतात. सायकलीत हवा भरताना पंपाचे बूड हाताला चटका देते ना, तोच प्रकार. इथे हवा 500 अंशांच्या वर तापते आणि तिच्यात डिझेलचा फवारा पडला की ते आपसूक पेटते. रुडॉल्फ डिझेल यांनी 1897 साली जर्मनीत आउग्सबुर्ग येथे हे इंजिन यशस्वी करून दाखविले. मर्सिडीज-बेंझची 260 डी ही डिझेल मोटार मात्र 1936 साली आली. आपल्याकडे पेट्रोलची जुनी जीप घ्यायची आणि तिच्यात डिझेल इंजिन बसवून घ्यायचे, हा उद्योग कित्येक वर्षे चालला. पुढे 1998 च्या डिसेंबरात पुण्याची टाटा इंडिका निघाली आणि लहान डिझेल मोटार सामान्य माणसाच्या आवाक्यात आली.

डिझेल गाडी घेण्याचे खरे कारण एकच होते : स्वस्ताई. 2012 च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल लिटरला 73 रुपयांवर गेले होते आणि डिझेल 41 रुपयांच्या आत होते. तेव्हा डोळे झाकून डिझेल घेतले तरी चालत होते. 2014 च्या ऑक्टोबरात सरकारने डिझेलचा भाव बाजारावर सोडला. तेव्हापासून ते अंतर पुष्कळ आटले आहे. म्हणून आता आकडेमोड केल्याशिवाय पाऊल टाकू नये. समजा, त्याच गाडीचे डिझेल मॉडेल दीड लाखाने महाग आहे. पेट्रोल 105 रुपये आणि गाडी लिटरला 15 किलोमीटर, तर किलोमीटरला 7 रुपये पडले. डिझेल 90 रुपये आणि 20 किलोमीटर, तर साडेचार. बचत अडीच रुपयांची. म्हणजे दीड लाख वसूल व्हायला 60,000 किलोमीटर धावले पाहिजे. आठवड्याला पुण्या-मुंबईची फेरी करणारा ते अडीच वर्षांत करील. वर्षाला सहा हजार फिरणाऱ्या आपल्या सभासदाला दहा वर्षे लागतील. बरे, शेजाऱ्याने घेतली म्हणून घेतली, याला हिशोब लागत नाही, हेही खरे.

आता तो पिवळा दिवा. 1 एप्रिल 2020 पासून देशात बी.एस.-6 हे प्रदूषणाचे नियम लागू झाले. त्यामुळे नव्या डिझेल गाडीच्या धुराड्यात एक गाळणी असते, तिला डी.पी.एफ. म्हणतात. धुरातली काजळी ती अडवून धरते. काजळी साठली की गाडी ती आपली आपण जाळून टाकते, पण त्यासाठी गाळणी 600 अंशांच्या आसपास तापावी लागते. ही उष्णता पंधरा-वीस मिनिटे एका चालीने, ताशी पन्नास-साठच्या वेगाने गाडी पळाली तरच येते. मळ्याच्या तीन किलोमीटरच्या फेरीत इंजिन कोमट होते न होते तोच आपण चावी काढतो. अर्धवट जळालेली काजळी तशीच राहते, दुसऱ्या दिवशी तिच्यावर आणखी चढते. दिवा लागला की बहुतेक गाड्यांत उपाय साधा असतो : गाडी हमरस्त्याला काढून अर्धा तास सलग चालवावी. दिव्याकडे काणाडोळा केला तर मग वर्कशॉपच गाठावे लागते, आणि गाळणी बदलायची वेळ आली तर तो खर्च झोप उडवणारा असतो.

यातच आणखी एक गोम आहे. काजळी जाळण्यासाठी बऱ्याच गाड्यांत जादा डिझेल सोडले जाते आणि ते अर्धवट राहिले की थोडे इंजिन ऑइलमध्ये उतरते. ऑइलची पट्टी ओढून पाहिली तर पातळी वाढलेली! आपला माणूस खूश होतो, की गाडी ऑइल खात नाही. ते वाढलेले ऑइल नसून पातळ झालेले ऑइल असते. ते ताबडतोब बदलावे. आणि बदलताना शेडमधला ट्रॅक्टरचा डबा ओतू नये. या गाड्यांना कमी राखेचे वेगळे ऑइल लागते, नाहीतर ती राख गाळणीत बसते आणि ती काही जळून जात नाही.

बॅरलमधले डिझेल हा तर आपल्या भागातला जुना रिवाज. ट्रॅक्टरसाठी दोनशे लिटर आणून ठेवायचे आणि वेळप्रसंगी त्यातलेच नळीने मोटारीत सोडायचे. विहिरीवरच्या इंजिनाचा इंजेक्टर सुमारे 200 बार दाबाने फवारा मारी. थोडी घाण, थोडे पाणी तो पचवी. आजच्या मोटारीत हा दाब 1600 च्या पुढे, काही गाड्यांत 2000 पर्यंत असतो. अर्धवट भरलेल्या बॅरलात रात्रीच्या गारव्याने आतून दव धरते, ते पाणी तळाला जाते आणि नळी नेमकी तळालाच असते. पंप आणि इंजेक्टर गंजायला तेवढे पुरे. मोटारीला पंपावरचेच डिझेल घालावे आणि फिल्टरमधले पाणी वेळच्या वेळी काढून घ्यावे.

काही नव्या गाड्यांना डिझेलखेरीज 'डी.ई.एफ.' नावाचे पाणी लागते. त्यात शंभर भागांत साडेबत्तीस भाग शुद्ध युरिया असतो, हे ऐकून एक सभासद म्हणाले, "मग घरचाच युरिया कालवला तर?" मुळीच कालवू नये. 2015 पासून शेतीचा युरिया निंबोळी तेलाचा थर दिलेला येतो, शिवाय त्यात इतर अशुद्धी असतात. त्याने धुराड्यातले महागडे यंत्र कायमचे निकामी होते. आणि अनुदानाचे खत मोटारीत घालणे हा गुन्हा होतो, तो भाग वेगळाच.

इथेनॉलबद्दलही विचारणा होते. साखरधंद्यातून निघणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये जाते. 2022 साली ते देशभरात दहा टक्के झाले आणि 2025 मध्ये वीस टक्क्यांवर गेले. डिझेलमध्ये मात्र ते नीट मिसळून राहत नाही, स्वतःच्या उष्णतेने सहजी पेटत नाही आणि पंपाला लागणारे वंगणही कमी करते. तेव्हा डिझेल मोटारीत इथेनॉल घालण्याचा प्रयोग कोणी करू नये. ऊसवाल्याचे हित पेट्रोलच्या टाकीत आहे, एवढे गाडी निवडताना ध्यानात असू द्यावे.

जुन्या गाड्यांविषयी थोडे. दहा वर्षांची डिझेल गाडी बंद, अशी आवई मधून मधून उठते. राष्ट्रीय हरित लवादाचा 2015 चा आणि सर्वोच्च न्यायालयाचा 2018 चा आदेश दिल्ली व तिच्या परिसरापुरता होता. महाराष्ट्रात खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती दर पाच वर्षांनी वाढवून मिळते. त्याची फी एप्रिल 2022 मध्ये 600 वरून 5,000 रुपये झाली होती, शिवाय पर्यावरण कर. दिल्लीकडून स्वस्तात आलेली गाडी कोणी दाखवली तर तिकडच्या आर.टी.ओ.चा ना-हरकत दाखला पाहिल्याशिवाय आणि इथला कर किती बसतो हे विचारल्याशिवाय इसार देऊ नये.

हौसेने जुनी जीप जपणारे सभासदही आहेत, आणि आम्हाला त्यांचे कौतुक आहे. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी 2021 च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदता येते. मग ती रोजच्या वापराला मात्र काढता येत नाही. पेट्रोलची डिझेल केलेली जीप असेल तर आर.सी. बुकात इंधन 'डिझेल' आणि इंजिन नंबर नवा लागला आहे का, ते आधी उघडून पाहावे. तो बदल लागलेला नसेल तर नूतनीकरण तिथेच अडते, आणि इंजिन बसवणाऱ्या मिस्त्रीची पावती कोठे ठेवली ते घरात कोणालाच आठवत नाही.