हेलसिंकी-टोकियो : अंतर तेच, प्रवास मात्र लांबला

दोन शहरांमधील हवाई अंतराला विमानाच्या वेगाने भागले की प्रवासाचा वेळ मिळतो, असा सर्वसाधारण समज आहे. फिनलंडची राजधानी हेलसिंकी आणि जपानची राजधानी टोकियो यांच्यातील विमानसेवेने मात्र हा समज खोटा ठरविला आहे. या दोन शहरांमधील हवाई अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर आहे. २०२२ च्या प्रारंभापर्यंत ते कापण्यास साधारण साडेनऊ तास पुरत. आता सुमारे १३ तास लागतात.

हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलावरून जाणारा सर्वांत जवळचा मार्ग. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो उत्तरेकडे आर्क्टिक वर्तुळाजवळून वळतो आणि सैबेरियावरून जपानकडे उतरतो. म्हणजेच, या वाटेचा बहुतांश भाग रशियाच्या आकाशातून जातो.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. त्यानंतर युरोपीय संघाने रशियन विमानांना आपले आकाश बंद केले आणि रशियानेही तसेच प्रत्युत्तर दिले. फिनलंडच्या 'फिनएअर' या कंपनीपुढे तेव्हा दोनच पर्याय उरले. पहिला, उत्तर ध्रुवावरून अलास्काकडे जाऊन तेथून जपान गाठण्याचा. दुसरा, दक्षिणेकडे वळून तुर्कस्तान, मध्य आशिया आणि चीनवरून जाण्याचा. युरोप व आशिया यांना जोडणारा जवळचा थांबा हेच हेलसिंकीचे भांडवल होते. त्यालाच या बंदीने धक्का दिला.

ध्रुवीय वाट नवी नाही. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत आकाश टाळण्यासाठी याच कंपनीने १९८३ मध्ये डीसी-१० विमानाने हेलसिंकी-टोकियो थेट सेवा ध्रुवमार्गेच सुरू केली होती. तेव्हाही सुमारे १३ तासच लागत. या वाटेवर विमानतळ विरळ असल्याने दोन इंजिनांच्या विमानाला विशेष परवानगी लागते. एक इंजिन बंद पडले, तरी ठरावीक वेळेत पर्यायी विमानतळ गाठता आला पाहिजे, अशी अट असते. कडाक्याच्या थंडीत टाकीतील इंधनाच्या तापमानावरही लक्ष ठेवावे लागते, कारण नेहमीचे विमान-इंधन उणे ४७ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठू लागते.

वाढलेल्या प्रत्येक तासाबरोबर इंधन आणि वैमानिकांच्या कामाचे तास वाढतात, एका विमानाच्या फेऱ्या कमी होतात आणि अखेर त्याचा भार तिकिटावर येतो.

भारतीय प्रवाशांनाही हा अनुभव आहे. २०१९ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश अनेक महिने बंद ठेवले, तेव्हा दिल्लीहून इस्तंबूलला थेट जाणाऱ्या विमानाला इंधनासाठी दोह्याला उतरावे लागत होते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा बंदी घातल्यावर दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांना वळसा घ्यावा लागला. अंतर भूगोल ठरवितो; प्रवासाचा वेळ मात्र वाटेतील देशांच्या परवानगीवरही अवलंबून असतो.