एका अक्षराचा वारसा

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक लहानशी ग्रंथि बसलेली असते. तिला अधिवृक्क ग्रंथि म्हणतात. तिच्या बाहेरच्या थरांत उद्भवणारा कर्करोग फार विरळा. दर दहा लक्ष माणसांमागें वर्षाला एकदोघांनाच तो होतो. मुलांत तर त्याहूनही क्वचित्. परंतु दक्षिण ब्राझीलमधील पाराना व त्याच्या आसपासच्या प्रांतांत मुलांना होणाऱ्या या गांठीचें प्रमाण इतरत्र आढळणाऱ्या प्रमाणाच्या दहा ते पंधरा पट आहे. तीनचार वर्षांच्या मुलीच्या अंगावर अकालीं लव फुटते, आवाज घोगरा होतो, आणि आईबाप भांबावून जातात. गांठींतून पाझरणाऱ्या पुरुषी संप्रेरकांचीं हीं चिन्हें होत. पण हें याच भूमींत कां व्हावें?

याचा उलगडा २००१ सालीं झाला. तपासलेल्या ३६ बालरुग्णांपैकीं ३५ जणांच्या जनुकसंचांत एकच चूक सांपडली. सतराव्या गुणसूत्रावर टीपी ५३ नांवाचें जनुक आहे. त्यापासून बनणारें प्रथिन बिघडलेल्या पेशीची वाढ थांबवितें, अथवा तिला मरण पत्करावयास लावतें. हें प्रथिन म्हणजे ३९३ दुव्यांची सांखळी. जनुकांतील एक अक्षर बदलल्यामुळें ३३७ व्या दुव्याच्या जागीं आर्जिनीनऐवजीं हिस्टिडीन येतें. अशा चार सांखळ्या एकत्र जुळल्या म्हणजेच प्रथिनाचें कार्य चालतें. परंतु हिस्टिडीन आलें, कीं पेशींतील आम्लता किंचित् कमी होतांच हा जोड सैल पडतो. एका पालकाकडून सदोष प्रत आली तरी दुसऱ्याकडून आलेली निर्दोष प्रत बहुधा काम निभावून नेते. गांठीच्या पेशींत मात्र तीही हरवलेली आढळते.

या चुकीच्या आजूबाजूचा मजकूरही बहुतेक सर्व वाहकांत सारखाच आहे. यावरून ती एकाच पूर्वजापासून पिढ्यानुपिढ्या उतरत आली असावी, असें शास्त्रज्ञ मानतात. बहुतेक वाहक मुलांना बालपणीं हा रोग होतच नाहीं. म्हणूनच हा वारसा मुकाट्यानें पुढें चालत राहिला.

मग तो आधींच ओळखतां येईल काय? पारानांत १,७१,६४९ नवजात बालकांची रक्तपरीक्षा करण्यांत आली. तींत ४६१ वाहक निघालीं, म्हणजे हजारीं जवळजवळ तीन. ज्यांच्या आईबापांनीं संमति दिली, त्या मुलांची ठराविक काळानें तपासणी ठेवण्यांत आली. निरोगी तान्ह्या बाळाच्या आईला अशी वार्ता सांगणें ही लहान गोष्ट नव्हे. कित्येक घरांच्या वांट्याला केवळ चिंताच येते. परंतु या तपासणींत सांपडलेल्या गांठी लहान होत्या, आणि लहान गांठ शस्त्रक्रियेनें समूळ काढतां येते. पसरलेल्या गांठीवर इलाज थोडे. अनेकांनीं वाहिलेल्या चिंतेच्या मोलानें कांहीं लेकरांचे प्राण वांचतात. जन्माला आलेल्या बाळाचें रक्त तपासण्याचें समर्थन याच हिशोबावर उभें आहे.